रबरी होडीला भोक कुणी पाडलं?

१९८० साल. फेब्रुवारीत मोठं सूर्यग्रहण लागलं आणि अख्खं लोधिवली दारं लावून बसलं, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. आमचे हे, म्हणजे धर्माजी, जकात नाक्यावर कारकून होते आणि उरलेल्या वेळात डिटेक्टिव्ह.

"इंदू, माझी नजर घारीची, नाक कुत्र्याचं आणि डोकं इंग्रजाचं," ते सांगत. एवढे जीव एका अंगात कोंबल्यावर माणसाला जागाच उरली नव्हती. दारावर पाटी होती: 'धर्माजी, गुप्त तपासनीस'. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही ती वाचता यायची, इतकी गुप्त. आजवर त्यांनी एकच प्रकरण सोडवलं होतं, आमच्या हरवलेल्या कोंबडीचं. तेही ती आपली आपण घरी आली तेव्हा. मी त्यांची मदतनीस. माझं काम चहा करणं आणि थक्क होणं.

माझा दीर धाकलू रसायनीच्या एका कारखान्यात होता. तिथल्या वाफेने त्याचा खोकला हटेना, म्हणून त्याने नोकरी सोडली. पाताळगंगेतून हौशी लोकांना होडीने फिरवायचं त्याने ठरवलं. खोपोलीला वीज करून सोडलेलं पाणी नदीला बारा महिने, तेव्हा बेत काही वेडा नव्हता. मुंबईच्या एका भंगारवाल्याने हवा भरायच्या दोन होड्या बघायला दिल्या. एक पिवळी, विलायती, लांब, अरुंद, हलकी. पण हवेचा कप्पा सगळा मिळून एकच. दुसरी काळी, लष्करातून मोडीत निघालेली, बसकी, जाड रबराची, तीन वेगवेगळ्या कप्प्यांची. रविवारी ठाण्याहून पहिली मंडळी यायची होती. तोवर एक ठेवायची, दुसरी परत. बेत फसला तर धाकलू सोमवारी पुन्हा त्या वाफेत.

"पिवळी सरळ जाते, दादा," धाकलू म्हणाला. "काळी नुसती गोल गोल फिरते."

"निवड शास्त्राने होते," असं म्हणून ह्यांनी भिंग काढलं. बशीएवढं भिंग. गुरुवारी भर दुपारी अंगणात उकिडवे बसून, तोंडात विडी, पिवळ्या होडीवर भिंग रोखून हे बराच वेळ धाकलूला शास्त्राबद्दल, म्हणजे स्वतःबद्दल, सांगत होते.

जेवून बाहेर आलो तर पिवळी चपाट. मसुरीएवढं भोक.

"घातपात!" हे आनंदाने ओरडले. धाकलूचा चेहरा उतरला.

पहिला संशय शेजारच्या शेळीवर. तिचा जबडा फुटपट्टीने मोजला. ती निर्दोष सुटली, फुटपट्टी मात्र चावली गेली. दुसरा संशय शत्रुराष्ट्रावर. "त्यांना लष्करी होडी हवी होती. घाईत पिवळीला लागलं." म्हणून शुक्रवारी दुपारी काळीची कसून तपासणी झाली, आणि संध्याकाळी तिचा एक कप्पा मऊ पडला. आता ह्यांना एक माशाचं खवल सापडलं. संशयित ठरला कमळ्या. त्याची लाकडी होडी होती, नदीतला खडक न् खडक त्याला ठाऊक, आणि रविवारी वाट दाखवायला तोच येणार होता.

"कमळ्या, हे खवल कुणाचं?"

"माशाचं."

"कबूल केलं!"

"अहो, काल मीच तिथे मासे साफ केले," मी म्हणाले.

"साक्षीदार घाबरलेली दिसते," हे म्हणाले.

कमळ्या धाकलूकडे वळला. "तुजा दादा शाना झाला की मला हाक मार रं. तवर मी नाय येत."

धाकलूने सायकलची पंक्चरं काढतात तशी दोन्ही भोकं बुजवली आणि खोकत बसला.

शनिवारी ग्रहण. हे घरात खाटेखाली घोंगडी घेऊन. त्या दिवशी एकही भोक पडलं नाही.

"गुन्हेगार ग्रहण पाळतो!" हे खाटेखालून म्हणाले.

"तुम्हीपण पाळताय की."

"मी दबा धरून बसलोय."

रविवारी अकरा वाजता ह्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. धाकलूने हातापाया पडून कमळ्याला आणलं. माझ्या सासूबाई, येसूबाई, पापड वाळत घालून राखणीला बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी कावळ्यांना दरारा. हे काळ्या होडीवर वाकले, भिंग रोखलं आणि आमच्याकडे बघत बोलू लागले.

"गुन्हेगार याच अंगणात आहे! या क्षणी तो तुमच्यासमोर उभा आहे!"

आयुष्यात ते इतकं खरं कधी बोलले नव्हते.

"इंदू," सासूबाई म्हणाल्या, "रबर कोन जाळतंय गं?"

"कोणी नाही, आत्याबाई."

"मग वास कशाचा? धर्मा, तू काय करतोस रं?"

"पुरावा बघतोय, आये. भिंगातून."

भिंगाखालून धुराची बारीक रेघ निघाली. मग फुस्स.

"नको बघू रं बाबा," सासूबाई म्हणाल्या. "तू बगतोस तितं भोक पडतंय."

कमळ्या हसता हसता जमिनीवर बसला. गुन्हा घडण्याआधीच तपास सुरू करून, तपासातूनच गुन्हा करणारा दुसरा डिटेक्टिव्ह मी तरी पाहिलेला नाही. "म्हणजे भिंग फितूर निघालं," एवढं बोलून हे आत गेले.

धाकलू हसला नाही. तो होडी दाबून बघत होता. एक कप्पा चपटा, दोन टणक. त्याने कमळ्याला उठवलं, दोघांनी होडी तशीच नदीवर नेली आणि आत बसले. होडी एका अंगाला कलली, पण तरंगली.

"वयनी, ठरली!" तो पाण्यातून ओरडला. "दादानं भोक पाडूनबी जी बुडत नाय, ती खडकाला काय भिनार!"

भोक बुजवून दुपारी ठाण्याची मंडळी काळीतच बसली. ती गोल गोल फिरत गेली. त्यांना वाटलं, मजा म्हणतात ती हीच.

धाकलूचा खोकला पावसाळ्याआधीच गेला. तो म्हातारा होईस्तोवर नदीवर राहिला. कमळ्या त्याचा भागीदार झाला, आणि दर फेरीला उतारूंना आपला त्या खवलाचा जबाब ऐकवायचा. पिवळी भंगारवाल्याने ठिगळासकट परत नेली. सासूबाईंच्या डोळ्यांचं पनवेलला ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी ह्यांचे हात तपासले. ह्यांनी पाटीवर रंगवून घेतलं: 'गुन्हेगार जागेवर पकडला जाईल'. शेवटपर्यंत ती उतरवली नाही. हे गेल्यावर मी उतरवली, आणि जागेवरच पुन्हा लावली. भिंत बोडकी दिसत होती.

भिंग माझ्याकडे आहे. आता माझीच नजर अधू झाली, त्याने तांदूळ निवडते. सावलीत बसून.