फिरत्या घराच्या स्वारीची आणि ओढलेल्या पडद्याची हकीकत

श्री. नमन गाडीच्या आरशास, की जो चालविणारास मागचा सारा रस्ता दाखवितो आणि गाडीच्या आतले काहीच दाखवीत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, पौष शुद्ध पंचमीचे दिवशी प्रातःकाळी, भाड्याचे फिरते घर ताब्यात घेतेसमयी गाडीखान्याचे दारोगे अंतोबा, वय साठीचे वर, यांनी खाशा ऋजुताबाईसाहेबांस पाण्याची टाकी दाखविली, गॅसची शेगडी दाखविली, पायखान्याची पेटी कोठे ओतावयाची ते नाक न धरता सांगितले, आणि मग किल्ली हाती देता देता बोलिले, "ताई, एक सांगू? ही गाडी दिसते घरासारखी, तिथंच माणूस फसतो. साध्या गाडीत कोण बसलंय, कोण नाही, ते दिसतं. हिच्यात दिसत नाही. कुठनंबी हलताना आधी प्रत्येकाचं तोंड बघायचं, मगच चावी फिरवायची." बाईसाहेब मनात हसल्या. ज्यांनी आपले लेकराचे, युवराज विहान यांचे, झोपेतले श्वास दोन वर्षे मोजिले, ज्यांनी वाटेवरील एकूण एक इस्पितळ नकाशावर टाचून ठेविले, त्यांस हा मनुष्य लक्ष ठेवावयास शिकवितो! त्या इतकेच बोलिल्या, "काका, माझ्याकडे यादी आहे."

यादी खरीच होती. बेचाळीस कलमांची होती. स्वारीचे मूळ ऐसे की बाईसाहेबांचे यजमान निनादराव यांनी कोणा मित्राची छायाचित्रे पाहिली आणि समुद्रकाठचे राज्यात पाच दिवस फिरत्या घरात राहावे, वाटेल तेथे मुक्काम करावा, ऐसे मनी धरिले. मसलतीस निनादरावांच्या भगिनी केतकीताई बसल्या आणि त्यांनी येते म्हणून सांगितले. मग निनादरावांनी वाटेत ऐकावयाची गाणी निवडिली आणि बाकी सर्व बाईसाहेबांनी केले. तेव्हां थोरले आबासाहेब, निनादरावांचे तीर्थरूप, यांचे काय, हा विषय निघाला. आबासाहेबांनी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकविला, फळ्यावरून हात न उचलता सारा किनारा एका रेघेत काढीत, परंतु समुद्र डोळ्यांनी दोन वेळाच पाहिलेला. अलीकडे स्मरण उणे जाहले होते. एकटे ठेवण्याची सोय नव्हती, म्हणून बरोबर घेतले. बरोबर न्यावे म्हणून घेतले ऐसे लिहिता आले असते तर बरे होते. यादीत सदतिसावे कलम आबांच्या गोळ्या, अडतिसावे आबांची उशी, एकोणचाळिसावे कानाच्या यंत्राचे सेल. गोळ्या होत्या, उशी होती, आबा यादीत नव्हते.

कूच जाहले. घाट उतरून गाडी सपाटीस लागली आणि आबासाहेबांनी विचारिले, "समुद्र कुठल्या बाजूला आहे गं?" बाईसाहेब बोलिल्या, "उजवीकडे, आबा." मग पाव घटकेने पुन्हा विचारिले, आणि पुन्हा सांगितले. मग पुन्हा. केतकीताई पुढून बोलिल्या, "आबा, भूगोल तुमचा ना? मग आम्हाला काय विचारता!" आणि निनादराव हसले, आणि बाईसाहेबही हसल्या, आणि आबासाहेबही हसले, परंतु ते सर्वांचे हसून जाहल्यावर. सहावे वेळी युवराजांचा डोळा नुकता लागला होता. बाईसाहेबांनी मागील बिछान्यावर उशी ठेविली, "आबा, पडा जरा, ऊन येतंय," ऐसे गोड बोलून त्यांस निजविले आणि पडदा आपले हाते ओढिला. ऊन येत नव्हते. मग गाडीत स्वस्थता जाहली. केतकीताई बोलिल्या, "झोपलेत तोवर सुख आहे, वहिनी." त्यांस कोणी गप्प केले नाही.

आता या घराण्याची चाल सांगतो. येथे सून शिकलेली चालते, नोकरी करणारी चालते, नवऱ्यास नावाने हाक मारणारीही चालते. मात्र सासरे निजले असता सून त्या जागी जात नाही. कोणी तोंडाने मना केलेले नाही, थोरल्या सासूबाई असतांपासून ऐसे चालत आले. सून सासऱ्यांचा पडदा ओढू शकते, सारू शकत नाही.

पुढे खाडी लागली. पलीकडे जावयास फेरीबोट, आणि बोटीस पाऊण तास अवकाश. निनादराव लिंबूसरबत घेण्यास उतरले, केतकीताई छायाचित्रे काढावयास उतरल्या, बाईसाहेब युवराजांस कडेवर घेऊन, धक्क्यास कठडा नाही म्हणून पाण्यापासून वीस पावले दूर उभ्या राहिल्या आणि युवराजांचे पायांवरून नजर काढिली नाही. इतक्यात भोंगा वाजला आणि एकच धांदल जाहली. बोटीचा शिरस्ता ऐसा की चालविणारा तेवढा गाडीत, बाकी सर्वांनी पायी चढावे. बोटवाल्याने विचारिले, "आत कोण हाय काय?" निनादराव बोलिले, "वडील झोपलेत. म्हातारे आहेत, राहू द्या." त्याने राहू दिले. पलीकडे उतरून सर्व गाडीत बसले. बाईसाहेबांनी युवराजांचा पट्टा दोन वेळा ओढून पाहिला, दुधाची बाटली पाहिली, टोपी पाहिली, मग मागे पाहिले. पडदा ओढलेला होता. पडदा ओढलेला, त्या अर्थी आबा आत, ऐसे समजून गाडी हालविली आणि दोन तास गाणी ऐकत गेले.

मुक्काम सुरूचे बनात जाहला. बाईसाहेबांनी मऊ भात केला, एक वाटी युवराजांची, एक आबांची. "निनाद, आबांना उठव, जेवून गोळी घ्यायचीय." निनादराव तंबूच्या दोऱ्यांत गुंतले होते, बोलिले, "फोन करतो, वाजला की उठतील." फोन केला. पडद्याआड फोन वाजू लागला. वाजत राहिला. केतकीताई हसल्या, "कानात यंत्र नसेल घातलं." फोन वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला, तेव्हां बाईसाहेबांचे हातची वाटी तशीच राहिली आणि त्यांनी जाऊन पडदा सारिला. उशी होती. फोन चार्जिंगास लाविलेला होता. पांघरूण चारपदरी घडी करून उशीवर ठेविले होते, जसे पाहुणा निघताना ठेवितो.

माघारी दोन तासांत कोणी गाणे लाविले नाही. निनादराव एकदा बोलिले, "तू मागे बसली होतीस ना?" ते खरे होते, आणि दुसरे, ज्याचे वडील त्याने पडदा का सारिला नाही, हेही खरे होते, आणि दोन्ही खरी एकमेकांस पुसून टाकीत नव्हती. भरती चढत होती. कठडा नसलेला धक्का बाईसाहेबांस सारखा दिसत होता. सकाळी त्यांनी तो आपले लेकरापुरताच पाहिला होता.

बोट अलीकडे लागली तो सूर्य कलला होता. आबासाहेब धक्क्याचे टोकास, दोर बांधण्याचे खुंटावर, चपला काढून नीट शेजारी ठेवून बसले होते. तिकीटवाली बाई रागानेच बोलिली, "तुमचे काय हे? सकाळधरनं बसलेत. दोनदा विचारलं, कोणासंगती आलात? तर म्हणतात, एकटाच आलोय. च्या दिला तो पण घेईनात." निनादराव ओरडले, "आबा! कुणाला सांगायचं नाही का? नंबर पाठ आहे ना माझा?"

"पाठ आहे," आबासाहेब बोलिले, आणि दहाचे दहा आकडे बिनचूक म्हणून दाखविले.

"मग?"

"मला वाटलं, ठेवून गेलात."

बाईसाहेब खाली बसल्या आणि बोलिल्या, "असं कसं वाटलं, आबा?"

"फार विचारतो ना मी," ते बोलिले. "लोकांना सांगितलं असतं तर तुमच्या नावाला बोल लागला असता. म्हणून म्हटलं, एकटाच आलोय." मग चपला घालून उठले आणि सुनेची समजूत काढावी तैसे बोलिले, "समुद्र पश्चिमेला आहे. तोच बघायला उतरलो होतो, बघितला मी. आता नाही विचारणार."

इति हकीकत. सारांश, स्वारी पाच दिवसांची ठरली ती दोन दिवसांत आटोपली, गाडी अंतोबांस परत दिली, आणि त्यांनी सर्व सुखरूप ना विचारिले तेव्हां बाईसाहेबांनी हो म्हणून सांगितले. निनादराव हा प्रसंग मित्रमंडळीत गंमत म्हणून सांगतात आणि मंडळी हसते. आबासाहेबांनी त्या दिवसापासून कोणास काही विचारिले नाही, जेवावयाचे झाले काय, हेही नाही. दार लोटून आत बसतात. बाईसाहेब दिवसातून चार वेळा दार उघडितात आणि समुद्र कोणत्या बाजूस, आबा, ऐसे आपण होऊन विचारितात, आणि ते नुसते हसतात. बाईसाहेबांचे वाचणारांस मागणे इतकेच की हा कागद येथे खाली ठेवावा आणि उठावे. आपले घरी जे कोणी झोपलेत म्हणून ठेविले आहेत, त्यांचे दार लोटलेले पाहून माघारी फिरू नये. आत जावे, तोंड पाहावे. आणि त्यांनी काही विचारिले, तर सातवे वेळी का होईना, उत्तर द्यावे.