रव्याचा बार

"या घरात रव्याला पाय फुटलेत," असं म्हणत उर्मिलाने प्रेसचं दार धाडकन लावलं. आयर्लंडमधल्या ड्रोहेडात सात वर्षं काढल्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटाला तीही तिथल्या लोकांसारखं प्रेसच म्हणायला लागली होती. "दोन किलोचं पाकीट मागच्या महिन्यात फोडलं. उपमा झाला मोजून दोनदा. आणि हा डबा बघ!"

डबा तळाला गेला होता. शेजारची साजूक तुपाची बरणीही अर्ध्यावर आली होती.

"बाष्पीभवन होत असेल," रविकांत लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"रव्याचं?"

रविकांतने मान लॅपटॉपमध्ये आणखी खाली घातली. तो सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घ्यायचा, पण स्वतःची एक चूक धड लपवणं काही त्याला जमत नव्हतं.

चूक अशी होती. दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात कोरोनाचे निर्बंध सैल झाले आणि शेजारी राहणारा डोनल, म्हणजे सत्तरीतला निवृत्त पोस्टमन, त्याला आपल्या क्लबात घेऊन गेला. गावाबाहेर, शेताच्या कडेला, ठासणीच्या बंदुकांचा क्लब. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वर शिशाची गोळी, गजाने ठासायची आणि बार काढायचा. बंदूक क्लबची, परवाना क्लबचा आणि खांद्याशी डोनल उभा. रविकांतने पहिला चाप ओढला तेव्हा धडाम् असा आवाज झाला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, समोरचं लक्ष्य दिसेनासं झालं, आणि सव्वा वर्ष घरात बसून 'तुझा माईक बंद आहे' एवढंच ऐकत आलेला तो पन्नाशीचा गृहस्थ पोट धरधरून हसला. गोळी मागच्या मातीच्या बांधात गेली होती. त्याला इतका आनंद झाला होता की त्याने ती कुठे लागली हे विचारलंसुद्धा नाही.

उर्मिलाला सांगायची मात्र छाती झाली नाही. दिवाळीत लवंगी फटाका वाजला तरी कानात बोटं घालून ती आतल्या खोलीत जायची. बंदूक म्हटल्यावर शनिवार बंद होणार हे नक्की होतं, आणि शनिवार गेला तर आठवड्यात नुसते सोमवारच उरणार होते. तेव्हा 'बॉइन नदीकाठी चालायला जातो' असं सांगून तो निघायचा.

राहिला प्रश्न रव्याचा. नेम धरून मारताना दारू कमी घालतात आणि दारू नि गोळी यांच्यामधली जागा भरायला चमचाभर रवा ओततात. क्लबवाले त्यासाठी सुपरमार्केटातून टीचभर पाकिटं आणायचे. ते बघून रविकांतला राहवलं नाही. "रवा? माझ्या घरी हवा तेवढा आहे!" असं तो फुशारकीने बोलून गेला.

तुपाचं कारण शाळेतल्या इतिहासात होतं. गोळीभोवती गुंडाळायच्या चिंधीला क्लबात काहीतरी ओशट चोपडत.

"हे कसलं आहे?" रविकांतने विचारलं.

"चरबी. गाईची," डोनल म्हणाला. "का रे?"

"अठराशे सत्तावन्न साली यावरूनच आमच्याकडे फार मोठी भानगड झाली होती," रविकांत म्हणाला, आणि पुढच्या शनिवारी साजूक तूप घेऊन गेला.

इथवर निभावलं असतं. पण काळ्या दारूच्या धुराला कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि या घरात अंडं कधी येत नसे.

"श्रावणी, जरा बाबाच्या जॅकेटचा वास घे."

सोळा वर्षांच्या श्रावणीला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र ती ड्रोहेडाचं इंग्लिश. तिने नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. "एग्ज, आई. लाइक, लोड्स ऑफ एग्ज."

रवा, तूप आणि अंडी. उर्मिलाने बेरीज केली आणि उत्तर आलं रव्याचा केक. साखर अगदी काठावर आहे म्हणून डॉक्टरांनी एप्रिलमध्येच रविकांतला बजावलं होतं. तेव्हापासून तिने घरातली साखर, गूळ, बिस्किटं सगळं हद्दपार केलं होतं, स्वतःसुद्धा बिनसाखरेचा चहा पीत होती. आणि हा माणूस घरचंच सामान नेऊन दर शनिवारी कुणाच्या तरी घरी केक हाणतोय! तिला राग आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापासून खाणं कधी लपवलं नव्हतं.

त्या शनिवारी तो परतला तशी ती साखर मोजायचं मशीन घेऊन दारातच उभी होती. "बोट पुढे कर."

"अगं, हात तर धुऊ दे."

"धू. मग कर."

मशीनवर पाच पूर्णांक दोन आले, म्हणजे तिथल्या मापाने अगदी ठीक. "दॅट्स ग्रँड," श्रावणी म्हणाली. उर्मिलाने मशीन हलवून बघितलं, पट्टी बदलून पुन्हा टोचलं. पुन्हा तेच. केक खाऊन साखर उतरते कशी, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. त्यातून तो गाणं गुणगुणत भांडी घासायला लागला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली की पाणी कुठेतरी मुरतंय.

पुढच्या शनिवारी डोनलच्या गाडीमागे थोडं अंतर ठेवून उर्मिलाची गाडी निघाली. शेजारी श्रावणी, मांडीवर पुरावा म्हणून रव्याचा रिकामा डबा. डोनलची गाडी गावाबाहेर पडली, शेतांमधल्या अरुंद रस्त्याला वळली आणि एका फाटकातून आत गेली. तेवढ्यात धडाम् झालं. कुंपणावरून पांढरा धूर तरंगत आला आणि त्यासोबत तो ओळखीचा वास.

"आई," श्रावणी म्हणाली, "आय डोन्ट थिंक इट्स केक."

उर्मिलाने कानात बोटं घातली होती, पण ती मागे फिरली नाही, बंद फाटकाबाहेर अर्धा तास उभी राहिली. गोळीबार थांबवल्याची घंटा झाली, फाटक उघडलं, तशी ती तडक आत गेली. रविकांत पडेल चेहऱ्याने बाकावर बसला होता. त्याचा हा सलग चौथा बार फुसका गेला होता. ठिणगी पाडणारी टोपी टक् वाजायची, पुढे काही नाही. डोनल त्याची बंदूक रिकामी करत होता.

"रविकांत!"

रविकांत ताडकन उभा राहिला. हातात रव्याची डबी, बोटांना तूप, गालावर काजळी. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "नाही, खरं म्हणजे नव्हतो सांगणार. तू बंद करशील याची भीती वाटली. मला हे फार आवडतं गं, उर्मिला. आठवडाभर मी शनिवारची वाट बघतो."

"आणि केक?"

"कसला केक?"

श्रावणी एवढी हसली की तिला खाली गवतात बसावं लागलं. उर्मिलाने सुटकेचा असा निःश्वास सोडला की डोनलला वाटलं, बाईंना चक्कर येतेय. तो चहा आणायला पळाला.

"म्हणजे तू माझा रवा बंदुकीत घालतोस."

"हो. पण आज एकही बार उडत नाहीये."

"मग उडत का नाही?"

तिने त्याच्या हातातली डबी घेतली, चिमूटभर रवा बोटांत चोळला, नाकाशी धरला. "सादळलाय! ही डबी ठेवतोस कुठे?"

"इथेच. शेडमध्ये."

"या देशातल्या पावसात, शेडमध्ये, अर्धवट झाकण लावून? मग दारू ओली होणार नाही तर काय होणार? अरे, रवा आधी भाजून घेतात. एवढं साधं कळत नाही? तवा आहे का इथे?"

दारू ठेवतात त्यापासून लांब, क्लबच्या टिचक्या किचनमध्ये एक तवा निघाला. उर्मिलाने मंद आचेवर रवा भाजायला घेतला. खमंग वास सुटला तशी एकेक आयरिश माणसं मास्क नाकाखाली ओढून खिडकीशी गोळा झाली. रवा पूर्ण गार झाल्यावर तिने स्वतः चमच्याने मोजून दिला. रविकांतने ठासला, नेम धरला. धडाम्! लक्ष्याच्या कडेला भोक पडलं. सगळ्या क्लबाने टाळ्या वाजवल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की उर्मिलाची बोटं या वेळी कानात नव्हती.

"बघू," ती म्हणाली. "मला दे."

डोनलने तिला कानांवरची टोपणं लावून दिली, उभं कसं राहायचं ते दाखवलं. बार निघाला, धूर उठला, आणि धुराच्या पलीकडून रविकांतला बायकोचं हसू ऐकू आलं. असं हसू त्याने लग्नानंतर फार वेळा ऐकलं नव्हतं. धूर निवळला. भोक बरोबर मधोमध होतं.

"जीझस, मेरी अँड जोसेफ," डोनल पुटपुटला.

नवख्यांसाठी क्लबाकडे बंदूक एकच होती. म्हणून एक शनिवार त्याचा, एक तिचा असं ठरलं. पण त्याच्या शनिवारी नेमकी कुठल्यातरी क्लबाशी मॅच निघायची, आणि मॅचला टीममधली माणसं लागायची. रविकांत टीममध्ये नव्हता.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी तो गॅसपाशी उभा राहून रवा परतत होता. आच मंद, हात सतत चालता, रंग बदलायच्या आत उतरवायचा. सगळ्या सूचना प्रेसच्या दारावर चिकटवलेल्या होत्या. दार वाजलं. गालावर काजळी घेऊन उर्मिला आत आली. तिच्या जॅकेटचा वास घराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या श्रावणीपर्यंत पोहोचला.

"दहातले नऊ मधोमध!" तिने रिकामी डबी त्याच्यापुढे धरली. "दहावा जरा हुकला."

"वारा होता का?" रविकांतने आशेने विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "रवा कच्चा राहिला होता."