पायाशी चांदणं

राधाकृष्णाच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: मिस्त्री बोलावणारी आणि राधाकृष्ण! घरातला मिक्सर त्यानं स्वतः दुरुस्त केला होता. तेव्हापासून तो मिक्सर चटणी वाटता वाटता ओट्यावरून चालायला लागे, आणि रुपाली, त्याची बायको, शेळीचं दावं धरावं तशी त्याची वायर धरून उभी राही. पण चटणी वाटली जाई, हे कुणालाही नाकारता येत नव्हतं.

अशात राधाकृष्णाच्या धाकट्या बहिणीला, सविताला, पाथर्डीकडचं स्थळ आलं. हे तिसरं. आधीची दोन कसल्या ना कसल्या खुसपटावरून मोडली होती. हा मुलगा मात्र सविताच्या मनात भरला होता. तोंडानं ती काही बोलली नव्हती. पण भाकरी थापताना गुणगुणायला लागली होती, आणि कोल्हारच्या त्या घराला तेवढं पुरे होतं. आता मुलाचं घर बघायचं, बोलणी करायची, की झालं.

"सोयरे गाडीवरनं माणूस वळखत्यात," राधाकृष्ण म्हणाला. "दार उघडलं की पायाशी निळा उजेड सांडला पाहिजे! अर्ध्या तासाचं काम हाय."

"राहुरीच्या वायरिंगवाल्याला दाखवा की."

"अगं, दोन तर वायरी! एक येती, एक जाती!"

अर्धा तास शनिवारी सकाळी सुरू झाला आणि रविवारी दिवेलागणीला संपला. मोबाईलमधल्या व्हिडिओतला माणूस "हे कव्हर हलकेच ओढा" म्हणाला, राधाकृष्णानं हलकेच ओढलं, आणि कव्हरापाठोपाठ गाडीची आतडी बाहेर आली. दोन दिवस त्याचं डोकं स्टिअरिंगखाली आणि पाय अंगणात होते. येणारे-जाणारे पायांनाच रामराम घालून जात. पहिल्यांदा उजेड पडला तो फक्त रिव्हर्स टाकल्यावर. दुसऱ्यांदा वायपर चालू केल्यावर. शेवटी वैतागून त्यानं फ्यूजच्या डबीतली सगळ्यात जोमदार दिसणारी लाईन धरली आणि पुढून मागच्या दारापर्यंत चिकटवलेली निळ्या दिव्यांची पट्टी तिला जोडून टाकली. दार उघडलं. लख्ख!

"ही लाईन कशाची वो?" रुपालीनं विचारलं.

"पेटलं ना? मंग!"

सोमवारी पहाटे, वैशाखाचं ऊन चढायच्या आत, मंडळी निघाली. पुढं छगनमामा, मागं अण्णा आणि राहीबाईआत्या. अण्णा म्हणजे सविताचे वडील. दिवसाकाठी मोजके शब्द खर्चणारा माणूस. राहीबाई त्यांची थोरली बहीण. तिनं मागचं दार उघडलं, आणि अंधारात तिच्या पावलांपुढं निळाई पसरली. म्हातारी तिथंच थबकली. जात्यावर घडलेला तिचा गळा, तो आपोआप हलला:

"दारात उभी गाडी, तिच्या पायाशी चांदणं
कशी वहाणेनं चढू, देवाजीचं हे आंगण..."

आणि तिनं चपला काढल्या. अंगणात, जोडीनं, नीट लावून ठेवल्या. थोरल्या बहिणीनं काढल्या म्हटल्यावर अण्णांनी काढल्या. दोघांनी काढल्या म्हटल्यावर मामा काय रानटी होते? त्यांनीही काढल्या. राधाकृष्ण तेव्हा आरशात पाहून भांग पाडत होता.

वाटेत मोबाईल तीनदा वाजला. रुपाली!

"घ्या की फोन," मामा म्हणाले.

"राहू द्या वो मामा. लाईट आवडली आसंल तिला. आता कौतुक सुचतंय!"

चहाही मामांनी खिडकीतूनच मागवला. पाथर्डीच्या पुढं, मुलाच्या दारात गाडी थांबली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि फरशी तव्यासारखी तापली होती. मामांनी ऐटीत पाय खाली टाकला आणि तो उचलून पुन्हा गाडीत घेतला.

"किसन्या! चपला?" त्यांनी राधाकृष्णाला विचारलं.

कळायचं ते सगळ्यांना एकदम कळलं.

"आरं तुझे बूट तरी काढ!" मामा दबक्या आवाजात ओरडले. "वडीलधारे अनवाणी आन तू बुटात? काय म्हंतील लोक?"

राधाकृष्णानं निमूट बूट काढले. आणि चौघं अनवाणी माणसं, एक पाय टेकवत एक उचलत, अंगण ओलांडून निघाली. ओट्यावर मुलाचे आजोबा, कानिफनाथबाबा, हात जोडून उभे होते. त्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन मुलाची बहीण पूजा पुढं झाली होती.

मामांनी घाम पुसायला टोपी काढली.

मामांचं डोकं पंचवीस वर्षांपासून कोहळ्यासारखं गुळगुळीत होतं, आणि मिशी त्यांनी तिशीतच उतरवली होती. पण हे पाथर्डीकडं कुणाला ठाऊक? अनवाणी पाय, गोटा डोकं, सफाचट ओठ! पूजा तांब्यासकट दोन पावलं मागं सरली. कानिफनाथबाबांचे जोडलेले हात सुटले.

"कवा झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"सकाळीच की!" मामा ओशाळून म्हणाले. "निघताना."

"आन तसंच टाकून आलात?"

"मंग काय करता? गाडीत घालून आनायचं, पर ध्यानातच न्हाई आलं कुनाच्या."

बाबांनी भिंतीचा आधार घेतला. "कुटं ठिवलंय?"

"अंगनातच हाय. वळीनं."

"वळीनं?" बाबा मटकन खाली बसले. "आरं, किती जन गेले?"

"म्हातारे, काय बोलतुय ह्यो?" मामांनी आत्याला विचारलं. पण राहीबाईचं आयुष्य लग्नं-मयती बघत अशा ओट्यांवर गेलेलं. तिनं मामांचं डोकं पाहिलं, स्वतःचे पाय पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"आवो बाबा, सुतक न्हाई, चपला! चपला ऱ्हायल्यात आमच्या घरी! समदे खुशाल हायती!"

"चपला काहून काडल्या?"

"उजेड पडला म्हनून!"

"म्हातारे," बाबा सावकाश म्हणाले, "सुतकात सोयरीक बोलत न्हाईत आमच्यात. आन खोटं बोलनाऱ्याशी तर कवाच न्हाई."

सविताची भाकरी थापतानाची गुणगुण राधाकृष्णाच्या कानात बंद पडली. "बाबा, चला, दावतो!" तो धावला आणि गाडीचं दार सताड उघडलं.

वैशाखातलं नवाचं ऊन. गाडीत रबरी मॅट दिसत होती. उजेड म्हणून काही नव्हतं.

"कुटंय?"

"हाय बाबा! उन्हात दिसंना!"

मग घरातून गोधडी आली. ती दारावर पांघरली, आणि एकाहत्तर वर्षांचे कानिफनाथबाबा पटक्यासह स्टिअरिंगखाली शिरले. बाहेर फक्त धोतर. सगळी सोयरीक त्या धोतराकडं बघत उभी राहिली.

"हाय," गोधडीतून आवाज आला. "निळा हाय! लई गोड हाय!"

राहीबाईनं हात जोडले. तेवढ्यात बाबा मागं सरकले, पटका कशात तरी अडकला, त्यांनी हिसका दिला. फट्! गोधडीतून धूर निघाला, आणि मागोमाग बाबा. पटक्याला हातभर पट्टी लोंबत होती.

राधाकृष्णानं घाईनं चावी फिरवली. गाडी मेली होती. काट्यालाही हलायची इच्छा नव्हती.

इतका वेळ दाराआड लाजून उभा असलेला नवरा मुलगा, समर्थ, पुढं आला. शर्टाच्या बाह्या दुमडून तो स्टिअरिंगखाली उताणा पडला. "दादा, ही इंजनाची लाईन धरलीय तुम्ही," तो आतून अदबीनं म्हणाला, "आणि पट्टीला वेगळा फ्यूजच नाही." डबीच्या झाकणातला जादा फ्यूज त्यानं बसवला, उघड्या वायरीला टेप गुंडाळली, चावी फिरवली. गाडी सुरू!

"आमच्याकडनं पसंत हाय," कानिफनाथबाबा पटक्यातली पट्टी सोडवत म्हणाले. "मानसं भोळी हायती. तुमचं काय?"

सगळ्यांनी अण्णांकडं पाहिलं. मुलाची शेती किती, विहिरीला पाणी किती, घरात माणसं किती, हे विचारायचं मामांनी कागदावर लिहून आणलं होतं. कागद मामांच्या खिशातच राहिला. अण्णांनी गाडीकडं पाहिलं, समर्थच्या काळ्या झालेल्या हातांकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ आपल्या लेकाकडं.

"दिली पोरगी," अण्णा म्हणाले. "आन पावनं, जावयाला अधनंमधनं आमच्याकडं धाडीत जा. मिक्सर दावायचाय."