हवाई पट्टीवरचे करमरकर सर

आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत करमरकर सर आले की माणसं खुर्चीवर जपून बसायची. कुणी धपकन बसलं की सर लगेच म्हणायचे, "उठा, पुन्हा बसा. कमर जाएगी." मग स्वतः बसून दाखवायचे, इतके हळू की तोवर चहा निवायचा.

सर गावाबाहेरच्या हवाई पट्टीवर विमान उतरवायला शिकवायचे आणि मी त्यांची विद्यार्थिनी. दोन सीटचं चिमुकलं विमान, शेजारी सर आणि कानाशी अखंड हिंदी-मराठी खिचडी. "खाली काय बघून राहिली आहेस? दूर बघ, पट्टीच्या टोकाकडे. ज़मीन कहीं भागी नहीं जा रही. आता नाक वर धर, धरून ठेव... विमानाला बसवू नकोस ग, थकलं की ते आपणच बसतं." छान उतरलं तर म्हणायचे, "हूं." ते एक हूं मिळवायला मला दोन महिने लागले.

तेव्हा नव्या खाजगी विमान कंपन्यांच्या पायलट-भरतीच्या जाहिराती पेपरात यायला लागल्या होत्या. बाबा रोज विचारायचे, "एकटीनं उडवलंस का?" त्याशिवाय माझं पुढचं सगळंच अडलं होतं. दुसऱ्या सरांची पोरं एकटी उडून आली, पेढेही वाटून झाले. आमच्या सरांना मात्र कधी वारा आडवा वाटायचा, कधी पट्टीवर मला न दिसणारी नीलगाय दिसायची. एकदा तर म्हणाले, आज अमावस्या आहे.

शेवटी माझं डोकं फिरलं. पट्टीवर विमानात बसल्या बसल्या मी म्हटलं, "सर, मला जमत नसेल तर तसं सांगा. उद्यापासून येत नाही."

सर समोर बघतच बोलले. "तुझं लँडिंग पंधरा दिवसांपूर्वीच पक्कं झालंय. वय झालं म्हणून ऑफिसनं मला नवीन विद्यार्थी देणं बंद केलंय. तू शेवटची. आज मी खाली उतरलो की परत कशाला चढणार?"

इतके दिवस साठवलेला माझा राग कुठे गेला, कळलंच नाही. फार वाईट वाटलं. सर उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा नीट आवळला, दार लावलं आणि मागे न बघता कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मी एक चक्कर मारून आले. विमान इतकं अलगद टेकलं की कधी टेकलं ते मलाच समजलं नाही. ते सरांसमोर आणून इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

"सर, फारच आपटलं हो. एकदा दाखवता का?"

"खोटारडी," सर म्हणाले आणि सीटचा पट्टा सोडायला लागले.