हार्डटॉप विकणे आहे

माणूस एखादी वस्तू विकायला काढतो, तेव्हा ती कोणीही घेऊ नये अशी त्याची प्रामाणिक इच्छा असते. जाहिरातींचा सारा व्यवहार या इच्छेवर उभा आहे. माझी एकतीस वर्षं एका खात्यात निविदा सूचना लिहिण्यात गेली, त्यामुळे हे मी अधिकाराने सांगतो.

याच अधिकारामुळे माझ्या साडूंच्या जुन्या अमेरिकन हार्डटॉपची जाहिरात लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. साडू पाण्याचे मीटर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. हार्डटॉप म्हणजे ज्या गाडीचं छप्पर उघडत नाही, पण उघडत असावं असं दिसतं. बाजूच्या पुढच्या आणि मागच्या काचेच्या मधे खांब नसतो. चारही काचा खाली केल्या की बाजू सगळी मोकळी, आणि पाऊस आला की चौघांनी मिळून काचा वर करायच्या. (चौथा माणूस नसल्यास त्या बाजूला टॉवेल.)

ही गाडी घराच्या तळमजल्यावरच्या एकुलत्या एका खोलीत एकोणीस वर्षं उभी होती. मग एका मेकॅनिकने अडीच वर्षं खपून टाकी धुतली, ब्रेक बदलले, वायरिंग नव्याने ओढलं आणि गाडी सुरू झाली. जाहिरातीत मी तिला ‘पुनर्कार्यान्वित’ म्हटलं. म्हणजे पूर्वी ती बंद असल्यामुळे जागची हलत नव्हती. आता ती चालू होती, पण साडू हलवू देत नव्हते.

विक्रीचं कारण ‘जागेअभावी’ असं छापलं. खरं कारण माझ्या मोठ्या मेहुणीबाई, म्हणजे साडूंच्या पत्नी. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि राहण्याच्या खोल्या वरच्या मजल्यावर. एकदा भाजीची पिशवी घेऊन त्या जिन्याच्या नवव्या पायरीवर बसल्या आणि साडूंना शांतपणे म्हणाल्या, “गाडीला खाली खोली आहे. मला नाही.”

त्याच संध्याकाळी साडू माझ्याकडे आले. अर्धा तास कोणत्या पेपरचा खप किती यावर बोलले. गुडघ्यांचा विषय निघाला नाही.

पहिल्या महिन्यात त्रेचाळीस जण गाडी बघून गेले. पैकी सव्वीस जणांच्या मामाकडे अगदी अश्शीच गाडी होती. नऊ जणांनी टायरला लाथ मारून पाहिली (निष्कर्ष कोणी कळवला नाही). सात जणांनी बॉनेटला टेकून फोटो काढले. राहिलेल्या एकाच व्यक्तीला गाडी खरोखर हवी होती, त्यामुळे साडू प्रथमच घाबरले.

या बाई शाळेची बस चालवायच्या. त्यांनी चारही काचा खाली केल्या, साडूंना शेजारी बसवलं आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आणलं. साडू पुढे मला म्हणाले की त्या गाडीतून बाहेर कसं दिसतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पूर्वी स्वतः चालवताना ते रस्त्याकडेच बघत आले होते.

बाई उतरल्या आणि म्हणाल्या, “घेते मी.”

साडूंनी लगेच दोष सांगायला घेतले. एकूण चौदा. त्यांतले पाच खरे, बाकीचे उभ्या उभ्या सुचलेले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“माझ्या बसमध्ये सतरा आहेत,” त्या म्हणाल्या. “वर साठ पोरं.”

“ठेवणार कुठे?”

“दारात.”

“पाऊस लागेल तिला.”

“गाडी आहे हो. लागू दे.”

साडूंनी घसा खाकरला. “त्याचं असं आहे...” अशी सुरुवात त्यांनी केली. नकार ते याच प्रस्तावनेने देतात, हे मला ठाऊक होतं. नेमक्या त्याच वेळी मेहुणीबाई चहा घेऊन जिना उतरू लागल्या. भिंतीआड असल्यामुळे त्या दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या. एक पाऊल. थांबणं. ट्रेमधल्या कपांची किणकिण. पुढचं पाऊल. साडूंचा हात सवयीने बशीसाठी पुढे झाला आणि तसाच राहिला. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत. बाविसाव्या पायरीपर्यंत त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

चहा खाली पोचला तेव्हा गार झाला होता, आणि किल्ली बाईंच्या हातात होती.

आता त्या खोलीत पलंग आहे. भिंतींना रंगाचे दोन हात दिले. फरशीवरचा तेलाचा डाग मात्र गेला नाही. साडूंनी तो जाऊ दिला नाही.

जाहिरात वाचून अजूनही लोक येतात. गाडी गेली म्हटल्यावर कितीला गेली ते विचारतात आणि पलंगाकडे न बघता परत जातात. आपण अर्थातच तसे नाही. आपण इथवर शांतपणे वाचलंत. फार तर गाडीचा रंग कोणता, साल कोणतं, हे काहीच सांगितलं नाही अशी आपली बारीकशी तक्रार असेल. ती रास्त आहे. गुडघ्यांचं पुढे काय झालं तेही मी सांगितलेलं नाही. पण त्याबद्दल अजून एकाचीही तक्रार आलेली नाही.