प्लास्टरसकट वजन

सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर अकरा वाजता कापायचं होतं आणि डॉक्टर त्याच दुपारी मोठ्या सुट्टीवर निघणार होते. आज हुकलं तर प्लास्टर आणखी पंधरा दिवस पायात. एवढं साधं काम दोन्ही जावयांवर सोपवलं, तिथेच घात झाला.

थोरल्याची गाडी हायब्रीड, म्हणजे इंजिनही आणि मोटरही. धाकट्याची निव्वळ विजेची; पुढे एक मोटर, मागे एक मोटर. दोघांनी गाड्या पृथ्वी वाचवायला घेतल्या होत्या. पृथ्वीने तसं काही मागितलं नव्हतं.

"आईंना मी नेतो," थोरला म्हणाला. "तुझी वीज कोळशातून येते. धूर तूही सोडतोस, फक्त दुसऱ्याच्या गावात."

"आणि तुमचं इंजिन काय अत्तर शिंपडतं?" धाकटा म्हणाला. "इंजिन, टाकी, मोटर, बॅटरी... अख्खा संसार पाठीवर घेऊन फिरता राव तुम्ही!"

"तुझ्या बॅटरीसाठी किती डोंगर खणले, ते सांग आधी."

"मी खणले का?"

शेवटी ठरलं, की दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने न्यायच्या आणि कोण कमी घाण करतं ते मोजायचं. शास्त्र म्हटलं की दोन्हीकडे भार सारखा हवा. सासूबाई तर एकच होत्या. म्हणून त्यांना वजनकाट्यावर एका पायावर उभं केलं.

"प्लास्टर वजा करायचं का?" धाकट्याने विचारलं.

"प्लास्टरसकट धर. गाडीला काय कळतंय!"

"मला कळतंय," सासूबाई भिंत धरून म्हणाल्या. "दहा वाजलेत."

नाणं उडवलं. सासूबाई धाकट्याच्या वाट्याला आल्या. थोरल्याने त्यांच्या वजनाचे पाण्याचे कॅन मागच्या सीटवर ठेवले आणि प्रेमाने पट्टा बांधला. सासूबाईंनी आपला आपण बांधला.

वेग वाढला की इंजिन लागतं, म्हणून थोरला वेग वाढवेना. ब्रेक मारला की थोडी वीज परत बॅटरीत जाते, म्हणून धाकटा मोकळ्या रस्त्यावरही ब्रेक मारत सुटला. एसी वीज खातो, म्हणून बंद. उघड्या काचेला वारा अडतो, म्हणून काचाही बंद. सासूबाई एकाच वेळी उकडत आणि हिंदकळत होत्या. मागे गाड्यांची ही भलीमोठी रांग, सगळ्या जागच्या जागी धूर ओकतायत.

"तो धूर आपल्या हिशेबात नाही," धाकटा म्हणाला.

पुलाच्या चढावर थोरल्याचं इंजिन घुर्रर्र करून लागलं. धाकट्याने हर्षाने गाडी थांबवली. "लागलं! आई, तुम्ही साक्षीदार!"

थोरलाही उतरला. "तुझी बॅटरी किती उरली, ते दाखव."

फारशी उरली नव्हती. काल संध्याकाळी सगळ्या शेजाऱ्यांना वेग दाखवण्यात ती बरीचशी संपली होती. कशीबशी चार्जिंगची जागा गाठली, तर तिथे वीज गेलेली. मालकाने डिझेलचा जनरेटर चालू केला आणि धाकट्याने खाली मान घालून त्यालाच गाडी जोडली. थोरल्याने चारही बाजूंनी व्हिडिओ काढला.

"मी तुमच्या गाडीत येते," सासूबाई थोरल्याला म्हणाल्या. "साडेदहा होऊन गेले."

"आई, मग कॅन उतरवावे लागतील. निकाल बाद होईल हो!"

सासूबाईंनी फोन काढला. थोड्याच वेळात सासरे त्यांची जुनाट स्कूटर घेऊन आले. आधी धूर आला, मग ते आले.

"बस गं," ते म्हणाले.

"आई, मध्येच उतरू नका! भार बदलतोय!" दोन्ही जावई एका सुरात ओरडले. जन्मात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं. प्लास्टरचा पाय तोफेसारखा बाहेर काढून सासूबाई दिसेनाशा झाल्या. मागे दोन जावई खोकत उरले.

थोड्या वेळाने जनरेटरचं डिझेल संपलं. हायब्रीडने विजेची गाडी दोरीने ओढत घरी आणली, तेव्हा संध्याकाळ झाली होती. दार सासूबाईंनी उघडलं, दोन्ही पायांवर उभं राहून. टेबलावर कापलेल्या प्लास्टरचे दोन तुकडे होते.

"घ्या जावईबापू," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे भार कमी पडला ना तुमचा?"

दोघांच्या माना खाली गेल्या. मग थोरला हळूच आत गेला, वजनकाटा घेऊन आला आणि त्याने तुकडे त्यावर ठेवले.

"दीड किलो," तो गंभीरपणे म्हणाला. "वजा करायला हवं होतं."

"मी विचारलं होतं," धाकटा म्हणाला.