इंजिनातलं कापड

बॉनेट उघडून जावई सासऱ्यांच्या गाडीत कमरेपर्यंत वाकला, तेव्हा तो टायमिंग बेल्ट नुसता बघणार होता. बदलण्याचा विचार त्याच्या मनातही नव्हता. नवा बेल्ट पिशवीत घालून आणला होता खरा, पण तो आपला जवळ असावा म्हणून.

जावई धंद्यानं शिंपी. लग्नाला चार वर्षं झाली तरी सासऱ्यांशी त्याचं बोलणं ‘या’, ‘बसा’ आणि ‘निघालात?’ यापलीकडे गेलं नव्हतं. सासरे कोर्टातले निवृत्त कारकून. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही सवय हाडीमाशी खिळलेली. अशा माणसाच्या मनात जागा मिळवायची तर काहीतरी करून दाखवायलाच हवं, असं जावयानं ठरवून टाकलं होतं. त्यासाठी आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून तो उंटावरचा शहाणा झाला होता.

“बाबा, हा बेल्ट वरचं आणि खालचं चाक एका तालात फिरवतो. तुटला की आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. इंजिन खलास!”

“असं?” सासऱ्यांनी डोळे मोठे केले.

जावयाला स्फुरण चढलं. त्यानं वरचं झाकण काढलं, बेल्टच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि तो थबकलाच. दातांवर, रबराला चिकटून, चक्क विणलेलं कापड होतं!

“बाबा, कापड!” तो ओरडला. “इंजिनात कापड आहे!”

“बघू, बघू.”

दोघं डोक्याला डोकं लावून वाकले. मिनिटाला हजारो फेरे, ती धग, तो थरथराट, आणि सगळी भिस्त एवढ्याशा पट्टीवर. ती कधी कुरकुरली नाही आणि तिला कधी कुणी विचारलंही नाही. आपण जन्मभर कॉलर आणि बाह्या शिवल्या, पण असलं कापड आपल्या हातून कधी गेलं नाही, या विचारानं जावयाचा ऊर भरून आला. त्या पट्टीपुढे त्याला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं.

मग धंदा आडवा आला. “पण विरलंय हो. कापडातलं मला कळतं. बदलायलाच हवा.”

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. “अहो, पण तो पट्टा तर—”

“अगं, साखर कमी पडलीय,” सासरे घाईघाईनं म्हणाले. कप अजून त्यांच्या तोंडाला लागायचा होता.

बेल्ट काढण्याआधी चाकांवर खुणा करा, असं व्हिडिओत सांगितलं होतं. जावयानं खिशातला कापडावरचा खडू काढून सफाईनं दोन रेघा ओढल्या. पुढचे दोन तास नटबोल्टांशी झटापट झाली. तरीही बेल्ट निघेना, तेव्हा त्यानं कात्री हातात घेतली.

“कापू?”

“कापा,” सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

बेल्ट सुटला. त्याबरोबर वरचं चाक खटकन फिरलं. जावयानं ते घाबरून दोन्ही हातांनी धरलं. हात काढला तर वरची खूण तळहातावर आलेली, आणि खालची केव्हाच शर्टाच्या बाहीनं पुसलेली. हा खडू झटकला की जावा म्हणूनच बनवलेला असतो, हे त्या घरात फक्त त्यालाच माहीत होतं.

“आता?” सासऱ्यांनी विचारलं.

“आता एक दात जरी चुकला ना, तर…” जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की शर्ट शेवटपर्यंत वाकडा जातो. शर्ट उसवता येतो, सासऱ्यांची गाडी कशी उसवणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिकनं येऊन आधी फडक्यानं चाकं पुसली. तेलकट काजळीखालून कारखान्यातच कोरलेल्या खुणेच्या खाचा वर आल्या. जावई आ वासून बघत राहिला. तासाभरात नवा बेल्ट बसला, इंजिन पान्यानं दोन फेरे फिरवून तपासून झालं आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू झाली. जावयाच्या जिवात जीव आला.

जाता जाता मेकॅनिकनं खाली पडलेला बेल्ट उचलून उलटसुलट केला. “काका, हा दोन महिन्यांपूर्वी मीच घातला होता ना? नवा कोरा आहे! कापलात कशाला?”

धरणीनं पोटात घ्यावं असं जावयाला झालं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?”

सासऱ्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. “तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात. चार वर्षांत आपण दोघं एवढा वेळ कधी एकत्र उभे तरी राहिलो होतो का? म्हटलं, एक बेल्ट गेला तर गेला.”

जावई त्यांच्याकडे बघतच राहिला. इंजिनातल्या कापडाकडेसुद्धा त्यानं इतक्या नवलानं बघितलं नव्हतं.

“आणि कापडाचं मला खरंच माहीत नव्हतं हं,” सासरे म्हणाले. मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “पुढच्या रविवारी ब्रेक बघायचे?”

ते कानावर पडताच सासूबाई चपला न घालताच फाटकाकडे धावल्या. “अहो मेकॅनिक, थांबा! पुढच्या रविवारी कुठे जाऊ नका!”